पाच चाळीसचं पाणी

गिझर बिघडल्याची तक्रार करताना माणसं कधीच नुसती गिझरबद्दल बोलत नाहीत. नवरा सांगतो, हिनं बटण रात्रभर चालू ठेवलं. बायको सांगते, ह्यांची अंघोळ एका टाकीत भागत नाही. सासूबाई दोघांच्याही वरताण काहीतरी सांगतात आणि सून गुपचूप मला खुर्ची देते. खरं कारण बहुतेक वेळा सुनेला ठाऊक असतं, पण तिला कुणी विचारत नाही. तीस वर्षं मी घरोघरचे गिझर उघडतो आहे. कोण कुणावर ढकलतंय हे ऐकलं की जिना चढतानाच बिघाडाचा अंदाज येतो.

माझी एक वही आहे. तारीख, घर, तक्रार, कारण असे चार रकाने. चौथा रकाना मी आजवर कोरा सोडला नव्हता. कॉइल जळली. थर्मोस्टॅट चिकटला. तळाशी क्षार साचला. उंदरानं वायर कुरतडली. जावयानं स्वतः दुरुस्त करायला घेतला. काही ना काही असतंच. पाणी उगाच गार राहत नाही.

गिरणीतल्या एका टाइमकीपरच्या घरचं बोलावणं आलं तेव्हा फोन त्या घरातल्या बाईंचा नव्हता, मुलाचा होता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि सरकारी खात्यात लिफ्ट तपासतो. इमारतीच्या लिफ्टमध्ये आरशाखाली सहीचा कागद चिकटवलेला असतो ना, त्यावर सही करणारा माणूस. बोलणंही तसंच, खाली शिक्का मारल्यासारखं.

"मिस्त्री, आईकडचा गिझर बघा आणि मला लेखी द्या," तो म्हणाला. "बिघाड गिझरमध्ये आहे की आईमध्ये, एवढंच मला हवंय."

"म्हणजे?"

"म्हणजे ती म्हणते गिझर तापत नाही. मी जातो तेव्हा बटण बंद असतं आणि ती बाथरूमसमोर खुर्ची टाकून बसलेली असते. विचारलं तर म्हणते, तापेल. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातून उकळतं पाणी उचलून नेताना पाय भाजून घेतला तिनं. वडील जाऊन पाच महिने झाले. एकटी राहायचा हट्ट आहे. मी सांगून टाकलंय, रविवारी दहा वाजता येतो. गिझर नीट असेल आणि तिला वापरता येत असेल तर राहा. नाहीतर बॅग भर आणि चल."

सोमवारी दुपारी मी गेलो. पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दारातून आत गेलं की एक अरुंद पॅसेज, त्यात डाव्या हाताला विजेचा बोर्ड, पुढे गिझरचं बटण, मग बाथरूमचं दार आणि टोकाला झोपायच्या खोलीचं दार. बाई सत्तरी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या. उजव्या पावलाला पट्टी. मी त्यांना काकू म्हणालो आणि त्यांनी ते चटकन मान्य केलं.

"त्यानं पाठवलं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "माझं डोकं तपासायला?"

"नाही हो काकू, गिझर."

"गिझर नीट आहे."

"मग पाणी का तापत नाही?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही मिस्त्री आहात."

हे उत्तर ऐकून मला वाटलं, मुलाचं खरं असावं. गिझर नीट आहे आणि पाणी तापत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच दमात बोलणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं.

तर गिझर. पंचवीस लिटरचा, उभा, बारा वर्षांचा पण निगा राखलेला. बटण लावलं. लाल दिवा लागला. वायरीवर मीटर धरला, नऊ अँपिअर. म्हणजे कॉइल धडधाकट, वीज जाते आहे. मी स्टुलावर बसून राहिलो. वीस मिनिटांनी नळ सोडला. गार. टाकीतलं गरम पाणी दुसरीकडे पळत असेल म्हणून मी टाकीत येणारं पाणी खालच्या कॉकनं बंद केलं. आता टाकीत थेंब येणार नाही, टाकीतून थेंब जाणार नाही. आणखी चाळीस मिनिटं. वीज नऊ अँपिअरनं आत चाललीच होती. खालचं झाकण काढून मी टाकीच्या पत्र्याला तळवा लावला आणि लगेच काढून घेतला. चटका बसला म्हणून नाही. तो पत्रा नुसता गार नव्हता, विहिरीच्या आतल्या दगडासारखा गार होता.

एवढी वीज एका तासात दोन माणसांच्या अंघोळीचं पाणी उकळवते. ती कुठे जात होती?

माझी एक शिस्त आहे. गिझरला हात लावायच्या आधी मी त्याचा चिनीमातीचा फ्यूज बोर्डातून उपटतो आणि सदऱ्याच्या खिशात टाकतो. बटणाचा भरवसा नाही. मी आत हात घालून बसलेला असताना घरातलं कुणीतरी "अरे, हे बंद कसं?" म्हणत ते दाबतं. त्या नादात माझे दोन मित्र गेले. फ्यूज माझ्या खिशात असला की मी निर्धास्त. तसा तो काढला, टाकी रिकामी केली, पिशवीतली नवी कॉइल बसवली, नवा थर्मोस्टॅट बसवला. फ्यूज परत लावला. दिवा लागला, नऊ अँपिअर, अर्धा तास. पाणी गार.

काकू खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. माझ्या कपाळावरचा घाम बघून त्यांना माझीच दया आली असावी.

"राहू द्या, मिस्त्री. तुमचा दोष नाही."

"टाकीच बदलावी लागेल बहुतेक," मी म्हणालो. हे मी कारण सापडलं नाही की म्हणतो. फ्यूज पुन्हा काढून झाकण लावायला घेतलं, तेवढ्यात काकू उठायला गेल्या आणि भाजलेला पाय खुर्चीला अडकून कोलमडल्या. मी धावलो, त्यांना आत नेऊन पलंगावर बसवलं, पाणी दिलं, पट्टी सुटली होती ती बांधली. तोवर अंधारून आलं. झाकण कसंबसं लावून मी निघालो.

त्या रात्री वहीत तीन रकाने भरले. चौथ्यापाशी पेन थांबलं.

गुरुवारी सकाळी बायको कपडे भिजवत होती. तिथून तिची हाक आली.

"अहो, तुमच्या खिशातून परवा स्क्रू निघाले. आज अख्खा फ्यूज. उद्या गिझरच निघेल."

मी तो फ्यूज हातात घेऊन बघितला. काकूंच्या बोर्डातला होता. मी चार दिवस त्या बाईंचा गिझर खिशात घालून फिरत होतो! त्या बिचाऱ्या बटण लावून बसल्या असणार, "तापेल" म्हणत. मुलगा येऊन बघेल, दिवा लागत नाही, आणि दोष कुणावर जाईल? चहा टाकून मी तसाच निघालो. जिन्यात मनाशी दोन माफीची वाक्यं जुळवली.

काकूंनी दार उघडलं. केस ओले, चेहरा टवटवीत.

"या मिस्त्री, या! तुमच्या हाताला गुण आहे हो. मंगळवारपासून पाणी असं कडकडीत येतंय की निम्मं गार घालावं लागतं."

माफीची वाक्यं राहूनच गेली. फ्यूज माझ्या मुठीत होता. मी बोर्डापाशी गेलो. गिझरच्या फ्यूजची जागा रिकामी होती. दोन पितळी चिमटे, मध्ये काही नाही. गिझरकडच्या चिमट्याला टेस्टर लावला, पेटला नाही. मीटर लावला, शून्य. कुणी शेजाऱ्यानं दुसरीकडून जोड दिली असेल म्हणून गिझरची वायर सुटी करून टोकाशी मीटर धरला. शून्य. मग बाथरूममध्ये जाऊन टाकीला हात लावला.

या वेळी मात्र चटका बसला.

वायर परत जोडली आणि मी काय केलं असेल? मिस्त्री जे करतो तेच. फ्यूज जागेवर बसवला, बटण दाबलं, दिवा लागला, नळ सोडून बोट धरलं. गरम. गरम. कोमट. पाच मिनिटं व्हायच्या आत गार. आणि मग ते सोमवारचं गार, जे बोटातून कोपरापर्यंत चढलं. वाफेनं धुरकटलेला आरसा माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ झाला.

"तो नका बसवू हो," बाहेरून काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. कुणाच्या तरी वतीनं समजावल्यासारखं बोलत होत्या. "त्यांना नाही चालत."

"कुणाला?"

"ह्यांना."

मी बटण बंद केलं, फ्यूज उपटला आणि खुर्ची शोधली.

काकूंनी सांगितलं ते सगळं इथे देत नाही. नवऱ्याबद्दल बोलताना बायका एक आठवण सांगायच्या आधी तीन तक्रारी सांगतात, ती रीत त्यांनीही पाळली. ते गिरणीत टाइमकीपर होते. कामगारांच्या हजेरीच्या कार्डांवर वेळेचे शिक्के मारायचे. घरात त्यांनी कधी कप विसळला नाही, भाजी आणली नाही, मुलाचा अभ्यास घेतला नाही. एकच काम त्यांचं. पहाटे पाच चाळीसला उठून बायकोच्या अंघोळीचं पाणी तापवायचं. आधी स्टोव्हवर, मग हा गिझर आला. सहाला झोपायच्या खोलीच्या दारावर बोटातल्या अंगठीनं दोनदा वाजवायचं. शब्द एकही नाही. सेहेचाळीस वर्षं.

"आजारी असले तरी?"

"ताप असला तरी. एकदा मला आधी जाग आली म्हणून मी बटण लावलं, तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. म्हणाले, तुझी वीस कामं आहेत, माझं एक आहे, तेही घे." काकू हसल्या. "ते गेल्यावर महिनाभर पोरगा आणि सूनबाई इथे होते, तेव्हा स्वयंपाकघरातच पाणी तापवायचो. ती दोघं परत गेली आणि मग मी बटण लावलं. पाणी गार. रोज गार. मग माझ्या लक्षात आलं. मी लावते म्हणून. मग मी लावायचं सोडलं आणि वाट बघत बसायला लागले. तरी तापेना. आता कळतंय, तुम्ही तो तुकडा नेल्यावर. वीज येत होती ना, म्हणजे आपल्यावाचून अडतंय असं त्यांना वाटत नव्हतं."

"काकू," मी म्हणालो, "मला हे पटत नाहीये."

"मग उद्या साडेपाचला या. फ्यूज बरोबर घेऊन जा, म्हणजे तुमचा संशय नको."

शुक्रवारी साडेपाचला मी त्या पॅसेजमध्ये उभा होतो. फ्यूज खिशात होता. दर मिनिटाला मी तो चाचपत होतो. काकूंनी मला आत घेतलं आणि झोपायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. खिडकीतून राखाडी उजेड येत होता. खाली कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं. दूधवाल्याची सायकल गेली. सगळं रोजच्यासारखं. मला वाटलं, आता सहा वाजतील, मी काकूंना मोठ्यांदा हाक मारीन, आणि आम्ही दोघं ओशाळं हसू.

पाच चाळीसला गिझरचं बटण खाली गेलं.

माझ्यापासून दोन हातांवर. खट्. बटण सैल असलं तर ते वर उडतं, खाली दबत नाही, एवढं मला कळतं. मी ते सोमवारी स्वतः दाबून बघितलं होतं, कडक होतं. त्याला बोटाचा जोर लागतो.

बाथरूममध्ये गिझरचा दिवा लागला नाही. पण टाकी बोलायला लागली. पाणी तापायला लागलं की पत्रा फुगतो आणि बारीक टिकटिकतो. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. वीस मिनिटं तो आवाज चालू राहिला आणि मी हललो नाही. दाराच्या फटीतून वाफ यायला लागली.

सहाला दोन-तीन मिनिटं असताना मी भिंतीला पाठ लावून अंग चोरलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो पॅसेज दोन माणसं शेजारून जातील एवढा रुंद नाही. समोरून कुणी आलं की आपण वाट देतो, तसं झालं. समोर कुणी नव्हतं. तरी माझ्या सदऱ्याची बाही हलली.

मग झोपायच्या खोलीच्या दारावर दोनदा वाजलं. लाकडावर धातू. ठक्, ठक्.

"आले हो," आतून काकूंचा आवाज आला. नुकत्या जाग्या झालेल्या माणसाचा.

दार उघडून त्या टॉवेल घेऊन बाहेर आल्या. मी भिंतीशी चिकटलेला.

"ऐकलंत?"

मी मान हलवली.

"अंगठीनं वाजवतात," त्या म्हणाल्या. "अंगठी मुलाच्या बोटात आहे. मीच दिली." आणि बाथरूमकडे वळता वळता थांबल्या. "मिस्त्री, रविवारी तो येणार. बोर्ड उघडणार, त्याचा धंदाच तो. फ्यूज दिसला नाही तर विचारील आणि लावायला लावील. लावला की पाणी गार. पाणी गार की माझी बॅग. तिकडे मला एक खोली आहे, छान आहे, पडदे नवे केलेत सूनबाईनं. पण तिथे रात्री उठले तर मला दिव्याचं बटण सापडत नाही. इथे आंधळी झाले तरी सगळं सापडेल."

"मी काय सांगू त्यांना?"

"खोटं बोलू नका. पण सगळं बोलायलाच हवं असं कुठे आहे?"

माझ्या दुकानात जाऊन मी तो फ्यूज टेबलावर ठेवला. चिनीमातीच्या त्या ठोकळ्यात दोन स्क्रूंच्या मध्ये एक केसासारखी तार असते. वीज तिच्यातून जाते. बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाही. बिनतारेचा फ्यूज बोर्डात लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. शिकाऊ असताना एकदा विसरून तसा लावला होता, तेव्हा उस्तादानं माझ्या कानाखाली जाळ काढला होता. मी स्क्रू ढिले केले. तार ओढून काढली. कान आपोआप गरम झाला.

रविवारी बरोबर दहाला लिफ्टवाला आला. त्याच्या आधी पावणेदहाला मी तो फ्यूज जागेवर दाबून ठेवला होता. पहाटेचं पाणी टाकीत गरमच होतं.

त्यानं बूट काढायच्या आधी बोर्ड उघडला. फ्यूजवर बोट टेकवलं, हलवून बघितलं, घट्ट होता. मान डोलावली.

"कारण काय निघालं?"

"कॉइल बदलली. थर्मोस्टॅट बदलला," मी म्हणालो. दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी होती.

"आई, लाव बघू बटण."

काकूंनी बटण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच भीती दिसली. बटण त्यांनी लावलेलं चालत नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मुलगा बाथरूममध्ये शिरला, बादली लावली, नळ सोडला. वाफ आली. काकूंनी श्वास सोडला.

"पाणी आहे गरम," तो म्हणाला. "दिवा का नाही?"

"टाकी तापलेली आहे. तापली की थर्मोस्टॅट वीज तोडतो, दिवा जातो," मी म्हणालो.

"माहीत आहे मला. मग रिकामी करू. गार पाणी आत आलं की दिवा लागेल. लागला की मी सही करतो."

हे मी धरलंच नव्हतं. बिनतारेच्या फ्यूजवर दिवा जन्मात लागणार नव्हता. पंचवीस लिटरची टाकी, सोळा लिटरची बादली. दीड बादली झाली की पाणी कोमट होणार आणि माझं पितळ उघडं पडणार. मी काकूंकडे बघितलं. त्या पॅसेजमध्ये उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

पहिली बादली भरली. त्यानं ती मोरीत ओतली. दुसरी भरली. त्यानं नळाखाली हात धरला आणि पटकन काढला.

"किती लिटरची टाकी आहे?"

"पंचवीस."

तिसरी बादली भरली. नळाची धार पांढरी, वाफाळती. त्यानं घड्याळाकडे बघितलं, मग दिव्याकडे. दिवा काळा. चौथी. आता समोरची भिंतही दिसत नव्हती. तपासनीस माणूस, आकडे जुळेनात की त्याचा जीव खालीवर होतो. त्यानं सदऱ्याची बाही वर केली. ती ओली होऊन हाताला चिकटली होती.

"हे कसं शक्य आहे?" तो म्हणाला. मला विचारत नव्हता. टाकीकडे बघत होता.

टाकी टिकटिकत होती. पाचवी बादली काठोकाठ भरली आणि सांडायला लागली, तरी त्यानं ती उचलली नाही. गरम पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं.

तेव्हा काकू लंगडत दारात आल्या. मुलाच्या खांद्यावरून, टाकीच्या दिशेनं, ऑफिसला निघालेल्या नवऱ्याला डबा विसरल्याचं सांगावं इतक्या सहज म्हणाल्या, "अहो, पुरे. बघितलं त्यानं. पाणी वाया चाललंय."

धार न थांबता गार झाली. कोमट झाली नाही. सरळ गार.

मुलाचा हात धारेखाली होता. तो तसाच राहिला. मग बाथरूमच्या उघड्या दारावर, आतल्या बाजूनं, त्याच्या कानाशी दोनदा वाजलं. ठक्, ठक्.

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. मी चार पावलं लांब होतो. मग आईकडे. तिचे हात पदरात होते. मग त्यानं स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि अंगठीकडे बघत राहिला. ती त्याच्याच बोटात होती. ओली.

नळ बंद करून तो बोर्डाकडे गेला. ओल्या हातानं विजेला हात लावू नये हे तो लोकांना शिकवतो. फ्यूज उपटून त्यानं उलटा केला. दोन स्क्रू, मध्ये मोकळी जागा. या एका गोष्टीवरून त्यानं किती मिस्त्र्यांचे परवाने घालवले असतील! बराच वेळ तो त्या मोकळ्या जागेतून पलीकडे काही दिसतंय का ते बघत असल्यासारखा उभा होता. मग फ्यूज होता तसा जागेवर दाबला. झाकण लावलं. झाकणावरून रुमाल फिरवला.

"आई," तो म्हणाला, "तू इथेच राहा."

"पडदे घेतलेत ना रे तिनं?"

"असू देत पडदे."

त्याला सोडायला मी खालपर्यंत गेलो. गाडीचं दार उघडून तो आत बसला नाही.

"आईचं मन इथेच रमतं," तो म्हणाला. "या वयात जागा बदलू नये माणसाची."

"अगदी खरं," मी म्हणालो. "पण तुमच्याकडे नेलं असतं तर तुमच्या नजरेसमोर राहिल्या असत्या."

"आमच्याकडे बाथरूम आमच्याच खोलीला लागून आहे," तो घाईघाईनं म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे, बायको घाबरट आहे जरा."

आईच्या काळजीनं आलेला मुलगा वडील बरोबर येतील या धास्तीनं तिला ठेवून चालला होता. मी हसलो असतो, पण तो अजून अंगठीवरून अंगठा फिरवत होता.

"मी गार पाण्यानं अंघोळ करायचो, माहीत आहे?" तो म्हणाला. "शाळेत असल्यापासून, थंडीतसुद्धा. बाबा म्हणायचे, पोरांनी गारच घ्यावं. माझ्यासाठी त्यांनी एक तांब्याही कधी तापवला नाही." त्याच्या पँटच्या ओल्या कडांमधून अजून वाफ निघत होती. "आज पाच बादल्या."

लेखी त्यानं मागितलं नाही. उलट खिशातून आपलंच कार्ड काढलं, मागे लिहिलं, "तपासले. चालू स्थितीत", सही केली, तारीख घातली आणि वर जाऊन गिझरवर चिकटवायला माझ्याकडे दिलं. सवयीनं पुढच्या तपासणीची तारीखही घालायला गेला आणि थांबला.

मी वर गेलो, कार्ड चिकटवलं आणि काकूंच्या सांगण्यावरून नवी कॉइल काढून घेऊन तिच्या भोकाला बूच बसवलं. पुढेमागे सूनबाई आली, बिनतारेचा फ्यूज बघून तिनं कुणाला बोलावलं आणि त्यानं तार घातली, तर घोटाळा नको.

"टाकून नका देऊ," काकू म्हणाल्या. "ज्या दिवशी पाणी गार येईल, त्या दिवशी मी फोन करीन. तेव्हा घेऊन या. त्याआधी नको."

दोन हिवाळे गेले. काकू तिथेच आहेत, पाय बरा झाला. मुलगा दर रविवारी येतो, दहाला येतो आणि अंघोळ घरून करून येतो. वहीतला चौथा रकाना कोराच आहे.

कॉइल माझ्या दुकानात, मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. तिला वायर नाही, पाणी नाही, काही नाही. तरी सकाळी दुकान उघडलं की आधी मी तिला हात लावून बघतो.

गार असते. आज सकाळपर्यंत तरी होती.